शिलाईपलीकडचा डोंगर

टी-शर्टच्या पोटात पुठ्ठा सरकवलाय, रंग पाठीवर उतरू नये म्हणून. छातीवर मधोमध हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. रेघ न् रेघ बरोबर आहे. पण अंगात घालून आरशासमोर उभं राहिलात की कॅलेंडरचं पान छातीला चिकटवल्यासारखं दिसतं. शिवाय निळा रंग हिरव्यात फुटलाय. तुम्ही ब्रश पाण्यात सोडता आणि डोळे मिटता.

पहिल्यांदा येतो तो शिजलेल्या तांदळाचा वास.

साल १६९२, क्योतो. लाकडी घरात चटईवर बसलेले एक म्हातारे कारागीर तुमच्याकडे बघतात आणि न विचारता शेजारी जागा करून देतात. नऊ वर्षांपूर्वी शोगुनच्या सरकारने बायकांच्या कपड्यांवरचं सोन्याचं भरतकाम आणि अंगभर बांधणी यांवर बंदी घातली. तेव्हापासून शहरातल्या हौसेचा भार कुंचल्यावर आलाय. चिओन-इन मंदिराजवळ राहणारे मियाझाकी युझेन पंख्यांवर चित्रं काढत. आता त्यांच्याच नावाने कापडावरचं हे काम ओळखलं जातं.

आजोबांसमोर पांढरा रेशमी किमोनो आहे, कच्चा टाका घालून जोडलेला. ते निळ्या कागदाचा तुकडा पाण्यात बुडवतात, शाई सुटते. हा रंग फुलाचा. पावसाळ्यात आपल्या बांधावर उगवणारा केना, ज्याच्या पानांची भजी करतो, त्याच्याच कुळातल्या फुलाचा. काम संपल्यावर पाण्याने निघून जाणारा, म्हणून कच्च्या रेघेसाठी.

आणि ती रेघ बघा. सेताचा पूल पाठीवर सुरू होतो, शिलाई ओलांडून बाहीवर चढतो. बिवा सरोवराचं पाणी घेराला वळसा घालून पुढे येतं. कुठल्याही एका बाजूने अख्खं चित्र दिसत नाही; बाई चालेल तसतसा देखावा उलगडेल. मग आजोबा टाके उसवतात. किमोनोच्या पुन्हा साधारण चौदा इंच रुंदीच्या पट्ट्या होतात, प्रत्येकीवर पुलाचा एकेक तुकडा. पुन्हा शिवताना तुकडे जुळणार याची त्यांना खात्री आहे, कारण रेघ त्यांनी अंगाच्या आकारावर ओढली होती.

आता पट्टी बांबूच्या कामट्यांवर ताणली जाते. चिकट तांदळाचं पीठ, कोंडा आणि मीठ यांची खळ कागदी कोनात भरतात. तुम्हाला एकदम लग्नघर आठवतं: हा तर मेंदीचा कोन! हातही तसाच फिरतो, श्वास रोखून. खळीची सुतासारखी रेघ उमटते, वाळते आणि बांध होते. वरून सोयाबीनच्या दुधाचा हात. मग रंग. निळा बांधापाशी येऊन थांबतो, पलीकडच्या तांबड्याला शिवत नाही. शेवटी कापड वाहत्या पाण्यात सोडलं की खळ निघून जाते आणि जिथे ती होती तिथे रेशमाचीच पांढरी रेघ उरते.

पूल कोणत्या वेळचा, तेही ठरलेलं आहे. ओमी प्रांताच्या आठ प्रसिद्ध दृश्यांत सेता म्हणजे मावळतीचा उजेड, इशियामा शरदातला चंद्र, कारासाकी रात्रीचा पाऊस. ठिकाण आणि घटका एकत्रच. तुमचा कोकणकडा कोणत्याच वेळचा नव्हता, हे तुम्हाला इथे बसून उमगतं.

डोळे उघडता. ब्रशचं पाणी निळं झालंय.

दुसरा कोरा टी-शर्ट घेता. पुठ्ठा नको, दिवाणखान्यातल्या लोडावर प्लास्टिक गुंडाळून त्यावर टी-शर्ट चढवता. मैद्याची खळ मेंदीच्या कोनात भरता. वाळेपर्यंत कापड ताणायचं नाही, रंग इस्त्रीने पक्का झाल्यावरच गार पाण्यात धुवायचं. पुढे रंगवायचे बाकीचे टी-शर्टही मनात वेळेनिशी उभे राहतात: नाणेघाटात वाऱ्याने उलटं उडणारं आषाढातलं पाणी, कासच्या पठारावरची भाद्रपदातली सकाळ.

आधी कोकणकडाच. घटका श्रावणातल्या सकाळची. लाव्ह्याच्या थरांच्या आडव्या काळ्या रेघा पोटावरून निघतात, वाटीसारख्या आत वळत बगलेखालची शिलाई ओलांडतात. लोड फिरवता. पाठीवर त्या विरळ होतात, थांबतात. तिथे रंग लावायचाच नाहीये. दरीतून धुकं वर आलंय.