प्रथिनांचे वसाम्लीकरण
प्रथिनांना वसाम्ल जोडले जाण्याची, पेशीतील संदेशवहनावर ताबा ठेवणारी प्रक्रिया. १४ कार्बनांचे मिरिस्टिक अम्ल प्रथिनाच्या टोकावरील ग्लायसिनाला लागते. हा बंध सहसा कायमचा. १६ कार्बनांचे पामिटिक अम्ल (सरकीच्या तेलात भरपूर असते तेच) सिस्टेइनाला लागते आणि सुटूही शकते. खरी गंमत इथेच आहे. वाढीचा संदेश पोचवणारी एच-रास व एन-रास प्रथिने पामिटिक अम्ल लागले की पेशीपटलावर टिकतात. ते सुटले की गॉल्जी पिंडाकडे परततात, तिथे ते पुन्हा लागते. मानवात पामिटिक अम्लाचे हे जोडकाम करणारी २३ विकरे आहेत. लयकारिकांत (पेशीतील पाचक पिशव्यांत) पामिटिक अम्ल सोडवणाऱ्या पीपीटी-१ या विकराचा जन्मजात अभाव असल्यास तान्ह्या मुलांच्या चेतापेशी मरू लागतात, दृष्टीही जाते.