एम्प्रेस मिलचीं जुनीं यंत्रें

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं चालू झाली. जमशेटजी टाटांनीं प्रथम घेतलेली यंत्रसामग्री स्वस्तांतली होती; ती लवकरच बदलावी लागली. पुढें १८८३ च्या सुमारास तेथें रिंग-चात्यांचा प्रयोग झाला. म्यूल यंत्रांत सुतास आधीं पीळ बसे, मग तें गुंडाळलें जाई; रिंगमध्यें कड्यावर धांवणाऱ्या तारेच्या चिमुकल्या तुकड्यामुळें दोन्ही कामें एकदमच होतात. लँकेशायरचे गिरणीवाले म्यूलला चिकटून असतां नागपुरानें हें धाडस केलें, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

अशी एखादी जुनी चौकट मिळवून दुरुस्त करणें हें काम नाजूक खरें. गंज उतरवावा, तेल द्यावें. परंतु झिजलेला भाग बदलला तरी जुना फेंकूं नये, कारण कामगाराचा हात त्या झिजेंतच दिसतो. रंगाचा झगझगीत लेप तर आम्हांस मुळींच रुचत नाहीं.

मिल २००२ मध्यें बंद पडली. त्याच वर्षीं १४ डिसेंबरला मोतीबागेंत रेल्वेनें नॅरोगेजचें संग्रहालय उघडलें. इंजिनांस घर मिळालें. तसें एक दालन चात्यांसहि मिळावें, आणि त्यांत म्यूल व रिंग शेजारीं शेजारीं चालवून दाखवावीं.