जरीमरी, पवईचे तळे आणि आतड्यातला साक्षीदार

१/ साकीनाक्याहून कुर्ल्याकडे निघाले की वाटेत जरीमरी लागते. आज बहुतेकांना तो केवळ एक बसथांबा वाटतो. पण मित्रहो, जरीमरी, मरीआई ही साथीच्या रोगांची, विशेषतः पटकीची देवता. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवस मावळेपर्यंत दगावत असे. येथून पवईचे तळे फार दूर नाही. आजचा धागा त्या तळ्याच्या पाण्याविषयी आहे.

२/ १८५४ साली मुंबईत पाण्याचे भीषण दुर्भिक्ष पडले. त्यातून विहार तलावाची योजना निघाली आणि १८६० मध्ये शहराला नळाचे पाणी मिळाले. योगायोग पाहा: त्याच १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकीचा संबंध एका सार्वजनिक पंपाशी जोडला, तर फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी याला रुग्णांच्या आतड्यांत तिचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पाचिनीकडे कोणी लक्षच दिले नाही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात तोच स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू रुग्णांत आणि तळ्याच्या पाण्यातही दाखवला, तेव्हा जग जागे झाले.

३/ तोवर निदान म्हणजे डोळ्यांनी पाहणे: तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, गोठलेले हातपाय. उपचार म्हणजे पाऱ्याचे कॅलोमेल आणि अफू. शरीर पाण्यावाचून सुकत असताना रोग्याला पाणी नाकारणारे वैद्य आणि डॉक्टरही होते. या उपचारांनी किती जण अकारण गेले असतील, याचा विचार करवत नाही.

४/ आता पवई. वाढत्या मुंबईची तहान भागवण्यासाठी १८९०च्या सुमारास येथे घाईने बांध घालून तलाव केला गेला. परंतु पाणी पिण्याच्या लायकीचे नाही, असे लवकरच ठरले आणि शहराने तानसाकडे तोंड वळवले. तानसाचे पाणी १८९२ मध्ये आले.

५/ पण ‘पिण्याच्या लायकीचे’ हे ठरवायचे कसे? नितळ पाणीही मारू शकते, हे एव्हाना कळले होते. रोगजंतू शोधावेत, तर ते पाण्यात विरळ आणि अधूनमधूनच सापडतात. उत्तर मिळाले ते बाळांच्या शौचात! थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तेथे एक दांडीसारखा जिवाणू वेगळा केला. आज आपण त्याला ई. कोलाय म्हणतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी; तो निरोगी माणसाच्या आतड्यातही सुखाने नांदतो. नेमके म्हणूनच १८९२ मध्ये ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ शार्डिंगरने सुचवले की, पाण्यात हा सापडला तर त्यात मैला मिसळला आहे असे समजावे. चोर दिसला नाही तरी पाऊलखूण दिसते!

६/ हा साक्षीदार ओळखण्याची युक्ती १९०५ साली आल्फ्रेड मॅकॉन्कीने अधिक सोपी केली. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंना पित्त सोसते. इतर अनेकांना सोसत नाही. म्हणून त्याने खाद्यात पित्तक्षार घातले. जोडीला लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, आणि आम्लात रंग बदलणारे द्रव्य. ई. कोलाय साखर आंबवतो, आम्ल तयार होते आणि त्याच्या वसाहती गुलाबी दिसतात. विषमज्वराचा जंतू आणि आमांशाचा शिगेला लॅक्टोज लगेच आंबवत नाहीत. ते फिकट राहतात. म्हणजे एकाच बशीत पाण्याची परीक्षा आणि रुग्णाच्या शौचाचीही! जंतूचे नाव नक्की करायला पुढे आणखी चाचण्या लागतात, पण पहिली चाळणी हीच. शंभरावर वर्षे उलटूनही मॅकॉन्कीचे हे माध्यम रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत रोज वापरले जाते.

७/ उपचारांचे कोडे मात्र फार उशिरा सुटले. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइनच्या बाटल्या संपू लागल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. साखरेबरोबर मीठ आणि त्यामागोमाग पाणी आतड्यात शोषले जाते, हे प्रयोगशाळेत ठाऊक होते. छावणीत ते सिद्ध झाले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. जे पाणी रोग्याला नाकारले जात होते, तेच औषध ठरले.

८/ पवईच्या तळ्याचे पुढे काय झाले? काठावर आयआयटी आली, मग उंच इमारती आल्या. सांडपाणी आणि जलपर्णी दोन्ही वाढली. तळ्यात आजही मगरी आहेत. पाणी आरे वसाहतीला आणि कारखान्यांना देण्यात आले. मुंबईच्या पिण्याच्या नळात मात्र ते पुन्हा आले नाही.