सायकलचा गियर हाताजवळ कसा आला

सायकल ही आपल्या सगळ्यांच्या परिचयाची वस्तू. दुधाच्या बरण्या, गवताचा भारा, शाळेला निघालेली दोन मुले, असे नाना प्रकारचे ओझे ती मुकाट्याने वाहत आली आहे. ही आपली नेहमीची काळी सायकल एकाच गतीची. चढ लागला की खाली उतरायचे आणि ती हाताने ढकलीत न्यायची, हा रिवाज इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही उणे आहे असे कुणाला वाटतही नाही. आता मात्र तालुक्याच्या गावीही गियरच्या सायकली विकायला येतात. गिऱ्हाईक विचारते, "गियर किती?" दुकानदार म्हणतो, "एकवीस." झाले, सौदा पुरा! पण वाचकहो, या सौद्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. गियर बदलणारा लिव्हर कुठे बसवला आहे, तो चालतो कसा, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार? प्रश्न लहान दिसतो खरा. पण त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात माणसाची बुद्धी जितकी दिसते तितकाच त्याचा ताठाही दिसतो.

आधी गियर म्हणजे काय ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा. पायडलजवळच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्या चक्राला १६, असे समजा. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक तीन वेळा फिरेल. तेच मागचे चक्र २४ दात्यांचे असेल तर चाक दोनदाच फिरेल. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर पहिल्या वेळी सायकल ६.३ मीटर पुढे जाते आणि दुसऱ्या वेळी ४.२ मीटर. अंतर कमी कापले जाते, पण पायाला जोरही त्याच प्रमाणात कमी लावावा लागतो. एक जड पोते एका खेपेत न उचलता त्यातले धान्य दोन खेपांत न्यावे, तशातलाच हा प्रकार. एकंदर काम तेवढेच राहते; ते सोसवेल अशा बेताने वाटले जाते.

एवढी साधी गोष्ट लोकांनी ताबडतोब उचलून धरली असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. फ्रान्समध्ये सेंत-एत्येन नावाचे एक कारखानदारी शहर आहे. तेथे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे गृहस्थ राहत. आधी रेशमाचा व्यापार, मग सायकलींचा. १८८७ मध्ये त्यांनी सायकलीला वाहिलेले एक मासिक सुरू केले आणि 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने त्यात लिहू लागले. त्यांच्या शहराच्या आसपास डोंगर. तेव्हा सपाटीला एक गती आणि चढाला दुसरी हवी, हे त्यांना अनुभवानेच पटले. त्यांनी स्वतः नाना प्रयोग केले, आणि एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर चेन सरकवणाऱ्या यंत्राचा आयुष्यभर पुरस्कार केला. या यंत्राला 'डिरेलर' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'रुळावरून उतरवणारा' असा आहे.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबाने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची एक परीक्षा घेतली. तीत मार्त एस नावाची एक स्त्री तीन गियरच्या सायकलीवर बसली आणि चढावर कुठेही पाय न टेकता तिने सगळा मार्ग पुरा केला. एका गतीच्या सायकलीवरचा नामांकित शर्यतपटू तिच्या मागे पडला. वाद येथेच मिटायला हवा होता, की नाही? पण आंरी देग्रांज नावाचे एक वजनदार संपादक होते. पुढे १९०३ मध्ये 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत यांनीच सुरू केली. त्यांनी उत्तर दिले ते असे, की गियर पंचेचाळिशी उलटलेल्यांना ठीक आहेत. जवान माणसाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. माझी पंचेचाळिशी आता फार दूर नाही. त्यामुळे हे मत वाचले की मला थोडे हसू येते.

हसू येते, पण त्या मताचा परिणाम हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर शर्यतपटूंच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक चक्र असे. चढ आला की त्यांनी खाली उतरायचे, चाक सोडवायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा निघायचे. पाऊस असो की थंडी, बोटे बधिर होवोत की रक्ताळोत, नियम तो नियम! ज्या साली परवानगी मिळाली त्याच साली रोजे लापेबी हा डिरेलर वापरून पहिला आला.

इंग्लंडमध्ये याच सुमारास वेगळ्या वाटेने काम चालले होते. नॉटिंगहॅम येथे 'स्टर्मी-आर्चर' या नावाने १९०२ पासून मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसणारे तीन गियर निघू लागले. दातेरी चाके आत बंद, धूळ-चिखलाची बाधा कमी. १९३६ मध्ये निघालेल्या त्यांच्या प्रसिद्ध नमुन्यात मधला गियर सरळ, खालचा त्याच्या तीन-चतुर्थांश आणि वरचा एक-तृतीयांशाने जास्त, असे प्रमाण होते. हँडलवर एकच छोटा लिव्हर असे. कामावर जाणाऱ्या सामान्य माणसाला तेवढे पुरत असे. शर्यतीच्या मैदानात ताठ्याचा वाद चालू असताना कामकऱ्याने आपली सोय निमूटपणे करून घेतली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता लिव्हर कसकसा सरकत गेला ते पाहा. इटलीतील व्हिचेन्झा येथे तुल्लिओ कांपाञोलो यांनी १९३३ मध्ये कारखाना काढला. १९४०च्या दशकात त्यांच्या गियरचे दोन लिव्हर सीटच्या मागे, चाकाजवळच्या दांडीवर असत. चालत्या सायकलीवर हात मागे न्यायचा, एका लिव्हरने चाक ढिले करायचे, पायडल उलटे फिरवीत दुसऱ्याने चेन सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचे! ही कसरत सर्कशीत शोभावी अशीच होती. १९५०च्या सुमारास त्यांनी तारेने चालणारा सुटसुटीत डिरेलर आणला. हँडलखालून पायडलकडे उतरणाऱ्या फ्रेमच्या दांडीवर लिव्हर बसवण्याची पद्धत पुढे अनेक वर्षे रूढ राहिली. या लिव्हरला खटके नसत. चेन नेमकी बसली की नाही, हे कानाने ऐकून हाताने जुळवावे लागे. तंबोरा लावावा तसे म्हणा ना! पुढे हँडलच्या खाली वळलेल्या टोकांतही लिव्हर बसू लागले. लांबच्या प्रवाशांना ते विशेष आवडले, कारण हँडल न सोडता गियर बदलता येऊ लागला.

यानंतरची मोठी पावले जपानात पडली. 'सनटूर' या नावाने माल काढणाऱ्या कारखान्याने १९६४ मध्ये तिरक्या चौकटीचा डिरेलर काढला. त्यामुळे चेन सरकवणारे चाक प्रत्येक दातेरी चक्रापासून जवळजवळ सारख्या अंतरावर राहू लागले. १९२१ मध्ये साकाई शहरात स्थापन झालेल्या शिमानो कंपनीने १९८४ मध्ये खटक्याचा लिव्हर बाजारात आणला. एक खटका, एक गियर. कान लावून बसण्याची गरज उरली नाही. १९९० मध्ये त्याच कंपनीने गियरचा लिव्हर ब्रेकच्या लिव्हरमध्येच बसवला, १९९२ मध्ये कांपाञोलोनेही तसाच आणला, आणि २००९ मध्ये शिमानोने विजेवर चालणारा गियर विक्रीला काढला. सीटच्या मागे असलेला लिव्हर असा फिरत फिरत बोटाखाली आला.

ही प्रगती खरी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण प्रत्येक पावलाला काही किंमत मोजावी लागली. लिव्हर हाताजवळ आला तसतसे त्याचे पोट गुंतागुंतीचे झाले. फ्रेमवरचा जुना लिव्हर म्हणजे एक स्क्रू आणि दोन-चार चकत्या. पेचकस असला की काम भागते. ब्रेकमधल्या लिव्हरच्या पोटात बारीक स्प्रिंगा आणि खटके असतात. आतले ग्रीस वाळून घट्ट झाले की खटका लागेनासा होतो, आणि तो रस्त्यात उघडून बसण्याची सोय नाही. शिवाय खटक्याच्या लिव्हरला जोडीदार नेमका लागतो. आठ चक्रांचा लिव्हर आठ चक्रांनाच, आणि डिरेलरही त्याला जुळणारा हवा. बिनखटक्याचा लिव्हर मात्र बहुतेक कुठल्याही संगतीत नांदतो.

मग घ्यावे कोणते? रोज वर्दळीच्या रस्त्याने कामावर जायचे असेल तर ब्रेकवरून बोट हलू नये हे महत्त्वाचे. तेथे ब्रेकमधला लिव्हर पैशाला जागतो. रस्ता बहुतांशी सपाट आणि थांबे पुष्कळ असतील तर तुंब्यातले गियर उत्तम, कारण ते सायकल उभी असतानाही बदलता येतात. डिरेलरला मात्र पायडल फिरते ठेवावेच लागते. ओझे लादून दूरच्या मुलखात, घाट चढत जायचे असेल तर हँडलच्या टोकाचा लिव्हर बरा. त्यातही खटके बंद करून वापरता येणारा मिळाला तर दुधात साखर. सायकल भिंतीला टेकताना तो आपटतो, तेवढे जपावे. फ्रेमवरचा लिव्हर सर्वांत साधा आणि टिकाऊ, पण त्यासाठी एक हात हँडलवरून काढावा लागतो; हातात कंप असेल किंवा पुढे बोजा असेल तर तो टाळावा. आणि कोणताही लिव्हर घेतलात तरी पिशवीत एक जादा तार ठेवा. तार तुटली की चेन बहुधा सर्वांत लहान चक्रावर, म्हणजे सर्वांत जड गियरवर जाऊन बसते, आणि घाटाच्या मध्यावर हे घडले तर पुढचा चढ पायीच!

इतिहासाचा धडा एवढाच, की एके काळी शर्यतवाल्यांच्या ताठ्यापायी गियर नाकारले गेले, आणि आज शर्यतवाल्यांचे पाहून नको तेवढे महागडे गियर घेतले जातात. दोन्ही वेळा निवड दुसऱ्याच्या पायांनी झाली. आपला रस्ता कसा, ओझे किती, गुडघे कसे आणि जवळचा मिस्त्री काय दुरुस्त करू शकतो, ही चार उत्तरे मनाशी पक्की करा आणि मगच दुकानात जा. मग "गियर किती?" हा प्रश्न शेवटी विचारलात तरी चालेल.