कातडीचा रंग कोण मोजतो आणि कशासाठी?

'वर्ण म्हणजे रंग, म्हणून जात म्हणजे वंश' हा युक्तिवाद आजही आपल्या तोंडावर फेकला जातो. त्याला विज्ञानाचा मुलामा देणाऱ्यांचा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायलाच हवा.

१९व्या शतकात युरोपीय मानववंशशास्त्रज्ञ रंगाचे तक्ते घेऊन माणसे तपासत फिरत. जर्मन भाषक जगातल्या फेलिक्स फॉन लुशान यांनी तर ३६ रंगीत काचांची पट्टी बनवली. काच कातडीजवळ धरायची आणि माणसाला क्रमांक द्यायचा! भारतात हर्बर्ट रिस्ले यांनी नाके मोजली आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला. उच्चवर्णीयांना तो आवडला यात नवल ते काय?

बाबासाहेबांनी या मोजमापांपासून पळ काढला नाही. १९४६ साली शूद्रांवरील ग्रंथात त्यांनी आर्य वंशाचा आणि 'वर्ण म्हणजे रंग' हा सिद्धांत तपासून फेटाळला. १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांचेच आकडे पुढे ठेवून दाखवले की, हे शास्त्र खरे मानले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. शत्रूचीच मोजपट्टी त्यांनी शत्रूवर उलटवली.

विज्ञानानेही तेच सांगितले होते. १९३९ साली अमेरिकेत एडवर्ड्स आणि डंटली यांनी जिवंत त्वचेवरून परावर्तित होणारा प्रकाश यंत्राने मोजला. सगळ्यांच्या त्वचेत रंगद्रव्ये तीच. मेलॅनिनचे प्रमाण तेवढे कमीजास्त. आजचे हायपरस्पेक्ट्रल इमेजिंग त्याच वाटेवरचे. साधा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीनच पट्टे पाहतो; हा कॅमेरा शेकडो अरुंद पट्टे पाहतो. मेलॅनिन दृश्य प्रकाश शोषते, पण तरंगलांबी वाढते तसा त्याचा प्रभाव ओसरतो. साधारण १,१०० नॅनोमीटरच्या पलीकडे तो जवळजवळ उरतच नाही. तिथे त्वचा ओळखू येते ती मुख्यतः तिच्यातल्या पाण्यामुळे. म्हणजे यंत्राची नजर थोडी पुढे सरकली की गोरा-काळा भेदच पुसट होतो.

मग यंत्र निष्पक्ष झाले का? नाही. १९७५ साली फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार पाडले तेव्हा ते गोऱ्या त्वचेपुरतेच होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही प्रकाशावरच चालतो. २०२० साली अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले की, रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरलेला असूनही तो यंत्राला न कळण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. मानक कोणाच्या शरीरावर ठरले, याची किंमत कोणाचे तरी शरीर मोजते.

म्हणून मित्रांनो, प्रयोगशाळेकडे पाठ फिरवू नका. भौतिकशास्त्र शिका, संगणक शिका, आकडे वाचा. मोजपट्टी कोणाच्या हातात आहे हा प्रश्न विचारणे जितके गरजेचे, तितकेच ती आपल्या हातात घेणेही गरजेचे आहे.

जय भीम!