उपग्रह-नभोवाणी आणि स्ट्रीमिंग : अमेरिकन मोटारीतील एका निवडीचा पूर्वेतिहास

मोटारीत संगीत ऐकण्यासाठी उपग्रह-नभोवाणीची वर्गणी भरावी, की मोबाइलच्या जाळ्यातून येणारे स्ट्रीमिंग पत्करावे, हा प्रश्न अमेरिकेत सामान्यतः ग्राहकाच्या रुचीचा व खर्चाचा मानला जातो. इतिहासदृष्ट्या त्याचे स्वरूप निराळे आहे. बहुसंख्य मोटारमालकांपुढे तो उभा राहण्यापूर्वीच एका विलीनीकरणाच्या निमित्ताने शासनापुढे आला होता.

१९९७ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने उपग्रह-नभोवाणीचे दोनच परवाने लिलावाने दिले. एका परवानाधारकाने दुसऱ्याचा ताबा घेऊ नये, असा निर्बंधही स्पर्धा टिकावी म्हणून घातला. एक्सएमचे प्रसारण सप्टेंबर २००१ मध्ये, तर सिरियसचे फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाले. प्रारंभीची मासिक वर्गणी अनुक्रमे ९.९९ व १२.९५ डॉलर होती. उपग्रहाचे एकच क्षेपण सर्व श्रोत्यांना पुरे; त्यामुळे श्रोते वाढले तरी क्षेपणाचा खर्च त्या प्रमाणात वाढत नसे आणि निर्जन महामार्गावरही कार्यक्रम ऐकू येत. परंतु दोन्ही कंपन्यांची ग्राहकयंत्रे भिन्न होती. जनरल मोटर्सने एक्सएमशी, तर फोर्ड व डेमलरक्रायस्लर यांनी सिरियसशी करार केले होते. गाडी निवडली की नभोवाणी बहुधा आपोआपच ठरे.

दोन्ही कंपन्या तोट्यात होत्या. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी विलीनीकरण जाहीर केले. अमेरिकन न्यायखात्याने मार्च २००८ मध्ये आपली चौकशी थांबवली. त्यामागील दोन कारणे विशेष लक्षणीय आहेत. एक, मोटार-कारखानदारांशी झालेल्या करारांमुळे या दोहोंत प्रत्यक्ष स्पर्धा फारशी उरलीच नव्हती. दुसरे, बिनतारी जाळ्यांतून येणारी इंटरनेट-नभोवाणी पुढील काळात अधिकाधिक समर्थ पर्याय ठरेल, अशी अपेक्षा होती. जुलै २००८ मध्ये कमिशननेही तीन विरुद्ध दोन मतांनी, तीन वर्षे दर न वाढविण्याच्या अटीसह, संमती दिली. १९९७ चा निर्बंध अशा रीतीने निष्प्रभ झाला.

अपेक्षा खोटी ठरली नाही. स्पॉटिफाय २०११ मध्ये अमेरिकेत आले. ॲपलचे कारप्ले २०१४ मध्ये व अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये अवतरले. प्रत्येक श्रोत्यासाठी स्वतंत्र प्रवाह लागतो व जाळ्याबाहेर तो तुटतो, ही स्ट्रीमिंगची मर्यादा. हवे ते गीत हवे तेव्हा मिळते, हे त्याचे सामर्थ्य. तथापि फेब्रुवारी २०१९ मध्ये सिरियस एक्सएमने पँडोरा ही इंटरनेट-नभोवाणीतील अग्रगण्य सेवाच विकत घेतली. ज्या प्रकारच्या स्पर्धकाच्या भरवशावर विलीनीकरणाला वाट मिळाली, त्याच प्रकारचा एक प्रमुख स्पर्धक अकरा वर्षांच्या आत विलीन कंपनीच्या मालकीचा झाला.

स्पॉटिफाय व ॲपल स्वतंत्र राहिल्याने यास संपूर्ण मक्तेदारी म्हणता येणार नाही. परंतु भावी स्पर्धेचे अनुमान बरोबर ठरले, एवढ्यावरून त्यासाठी वर्तमान स्पर्धेचा त्याग करणे योग्य होते असे सिद्ध होत नाही. बाजारपेठेची सीमा कोणी व केव्हा आखली, हे पाहिल्याखेरीज श्रोत्याच्या निवडीचा इतिहास पूर्ण होत नाही.