पेंग्विनची शीट आणि हास्यवायू

पक्ष्यांची शीट हा काही वर्गात आवर्जून शिकवण्याचा विषय नव्हे. पण टुंड्राच्या जमिनीतून कोणते वायू बाहेर पडतात याचा शोध घेणाऱ्यांना अखेर तिच्यापाशीच यावे लागले. ते कसे, हे आपण पाहू.

१७७२ साली प्रीस्टलीने नायट्रस ऑक्साइड वायू शोधला. १७९९ साली हम्फ्री डेव्हीने ब्रिस्टल येथे तो स्वतः हुंगला, आणि पुढे तो हास्यवायू म्हणून प्रसिद्ध झाला. मातीशी त्याचे नाते कळायला मात्र बराच काळ जावा लागला. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये गेयाँ व द्युपेती यांनी दाखवले, की प्राणवायू नसेल तेथे काही जीवाणू नायट्रेटचे विघटन करून वायू सोडतात. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्कीने अमोनियापासून नायट्रेट बनवणारे जीवाणू वेगळे केले. या दोन्ही क्रियांत थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. तो उष्णता अडवतो व पृथ्वी तापवण्यात त्याचाही वाटा असतो, हे १९७६ साली वँग व सहकाऱ्यांनी गणिताने मांडले. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम करतो.

आता पेंग्विनकडे वळू. ते समुद्रात मासे व क्रिल खातात आणि शीट टाकतात किनाऱ्यावर. म्हणजे समुद्रातील नायट्रोजन जमिनीवर येतो. शिटेतल्या युरिक आम्लाचा अमोनिया होतो आणि वर सांगितलेल्या जीवाणूंना खाद्य मिळते. अशा पक्षीनिर्मित मातीकडे सोव्हिएत शास्त्रज्ञ सिरोयेच्कोव्स्की यांनी १९५९ साली लक्ष वेधले.

वायूंची मोजणी त्यानंतर बऱ्याच काळाने झाली. चीनने १९८५ मध्ये किंग जॉर्ज बेटावर संशोधन केंद्र उभारले. तेथील शास्त्रज्ञांनी जमिनीवर बंद खोकी पालथी ठेवली, ठरावीक वेळाने आतली हवा काढून तपासली. वसाहतीतल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड व मिथेन भरपूर येत होते, दूरच्या टुंड्रातून फारच कमी. कोरड्या उंचवट्यावरची माती तर हवेतला मिथेन शोषून घेत होती. गोठलेली माती वितळताना वायू अधिक सुटतात, हेही दिसले.

२०२० साली दक्षिण जॉर्जिया बेटावरील सुमारे दीड लाख किंग पेंग्विन जोड्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोपनहेगनच्या एल्बर्लिंग यांच्या चमूला तेथील नायट्रस ऑक्साइड, नुकतेच खत घातलेल्या डॅनिश शेताच्या जवळजवळ शंभरपट आढळला. तासन् तास त्या जागी काम करून एका संशोधकाचे डोके गरगरू लागले होते.

मग पृथ्वी तापते ती पेंग्विनमुळे काय? विद्यार्थी हे नक्की विचारतील. उत्तर ‘नाही’ असे आहे. एल्बर्लिंग यांनीच स्पष्ट केले, की जगाच्या एकूण हिशेबात हे प्रमाण नगण्य आहे. माणसाने सोडलेल्या नायट्रस ऑक्साइडचा मोठा वाटा शेतीतला आहे, आणि आपण युरिया घातलेल्या शेतातही हेच जीवाणू काम करतात.

दुसरी गोष्ट मोजणीची. हिमनद्या मागे सरकत आहेत, उघड्या पडलेल्या जमिनीवर पेंग्विन वस्ती करू लागतात, आणि वायूंचे प्रमाण बदलते. म्हणून एका खोक्यातला आकडा साऱ्या टुंड्राला लावता येत नाही. ‘किती?’ या प्रश्नाबरोबर ‘कोठे?’ आणि ‘केव्हा?’ हेही विचारायला मुलांना शिकवावे, असे आम्हांला वाटते.